ढवळणं थांबल्यावरचा आकडा

दत्ता,

तुझ्या दशक्रियेला भीमेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तुझं गाव नदीच्या शिरूरकडच्या अंगाला, माझं माहेर खुटबाव दौंडकडच्या अंगाला, त्यामुळं दोन्ही तालुक्यांचे पुढारी आले होते आणि माइकवर एकामागून एक बोलत होते. कुणी तुला शूर म्हणालं, कुणी वाघ म्हणालं. ज्यानं तुला कधी पाहिलंही नसेल, असा साखर कारखान्याचा एक संचालक तुझ्या लहानपणापासूनच्या धाडसाबद्दल बराच वेळ बोलला. मागं फ्लेक्सवर तुझा फोटो होता. आपल्या लग्नातला. मला त्यातून कापलंय, पण तुझ्या खांद्याशी माझ्या शालूचा हिरवा काठ तेवढा राहिलाय. सगळी भाषणं होईपर्यंत मी त्या काठाकडं बघत बसले होते.

तू शूर नव्हतास रे. यवतला भाजी आणायला निघालास तरी हेल्मेट घालणारा माणूस तू. सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचास. तुझ्या मामांच्या विहिरीत सगळी पोरं उड्या मारायची, तू काठापासून हातभर लांब बसून त्यांचे कपडे सांभाळायचास. तू भित्रा होतास आणि मला तसाच आवडायचास. तुझ्याशी लग्न करताना माझ्या मनात एक गोष्ट अगदी पक्की होती, की हा माणूस कुठं जीव धोक्यात घालायला जाणार नाही. हा म्हातारा होणार.

म्हणून घाटावर सगळे 'जीव दिला, जीव दिला' म्हणत होते, तेव्हा माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. तू जीव द्यायला गेला नव्हतास. अजून वेळ आहे, असं समजून तू प्लँटच्या जिन्यानं वर गेलास. आणि वेळ किती असतो, हे तुला मीच मोजून सांगितलं होतं.

तुझी माझी ओळखच उष्णता मोजताना झाली, आठवतं ना? दौंडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी आपली जोडी लागली. थर्माकोलचा पेला, त्यात आम्ल, वरून अल्कली ओतायची, झाकणाला भोक पाडून थर्मामीटर घालायचा आणि पारा कुठपर्यंत चढतो ते बघायचं. मी ओतत होते, तू झाकण दाबून धरलं होतंस, जणू आतून काहीतरी उडी मारणार आहे. आपलं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा कमी आलं. सगळ्यांचंच कमी आलं होतं. पण तू सरांना विचारलंस, "सर, पेला पण तापला आसंल की. थर्मामीटर पण तापला. ती उष्णता कुणी धरायची?"

सर म्हणाले, "थर्माकोलचं एवढं धरत नाहीत."

तास संपल्यावर तू पायऱ्यांवर मला गाठलंस. "धरत न्हाईत म्हंजी ती जाती कुठं?" म्हणालास. मी म्हणाले, "मला काय विचारतो, मी काय पेला हाय का?" आणि तू हसलास. तुझ्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. त्या खांद्यांसाठी मी पुढचं वर्षभर पाटसच्या एसटीला उगीच उशीर करत होते.

पुढं आपल्या दोघांनाही एमआयडीसीत एकाच कंपनीत नोकरी लागली, हे सगळ्यांना नशीब वाटलं. तुला प्रॉडक्शन मिळालं, मला प्रयोगशाळा. माझ्याकडं ते मोठं कॅलरीमीटर आलं: काचेचं जाड भांडं, भोवती तेलाचं आवरण, आत ढवळणारी पात. एक रसायन आत घालायचं, दुसरं थेंबथेंब सोडायचं, आणि आतलं तापमान जागच्या जागी ठेवायला बाहेरचं तेल किती थंड करावं लागतं त्यावरून कळतं, की आत किती उष्णता निघतेय. काचेच्या भांड्यात ती सहज आवरते. पण तीच प्रक्रिया प्लँटमधल्या दोनमजली रिॲक्टरमध्ये नेली, की उष्णतेला बाहेर पडायला भांड्याचं बाहेरचं अंग पुरत नाही. म्हणून आधी मोजायचं. थंड करणारं पाणी बंद पडलं तर आतलं किती चढेल, आणि हाताशी किती वेळ राहील, हे सांगणं माझं काम.

हे आत्यांना समजावताना आपण किती हसलो होतो. लग्नानंतरचे पहिलेच दिवस. तुझी आई, सासू म्हणून मी त्यांना आत्या म्हणते, बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि तू उगाच छाती काढून बसायचास. त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू तिथं करती तरी काय?"

मी म्हणाले, "आत्या, कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा खदखदतो, पिंप तापतं? तसं काय काय किती तापतं, ते मी मोजते."

"त्यात मोजायचं काय? हात लावला की कळतंय."

"हात लावायच्या आधी कळावं म्हणून."

त्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "आई, तिनं मोजलं नाही तर हात माझा लागल." आत्यांनी हातातला खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मंग नीट मोज गं बाई."

मी नीट मोजलं होतं, दत्ता. त्या नव्या मालाचं मी नीट मोजलं होतं. थंड पाणी गेलं तर काय होईल, ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. दुसरं रसायन हळू सोडा, पाणी गेलं की सोडणं तिथंच बंद करा, मग खालच्या पाण्याच्या टाकीत सगळं सोडून द्यायला पुरेसा वेळ मिळतो, असं सांगितलं. बॅचला जास्त वेळ लागेल म्हणून प्रॉडक्शनच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा तूच म्हणालास, "सर, हळूच सोडू. मॅडमचा आकडा आहे." कंपनीत तू मला मॅडम म्हणायचास. मला हसू आवरत नव्हतं.

पण एक गोष्ट मोजायची राहिली होती आणि ती मला माहीत होती. ढवळणं बंद पडलं तर? पात थांबली आणि वरून रसायन येतच राहिलं, तर ते मिसळत नाही, नुसतं थर धरून बसतं. तापमान चढत नाही. वरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. आणि मग कुणी पात पुन्हा चालू केली, की तळाला साठलेला चुना काठीनं ढोसल्यासारखं सगळं एकदम उसळतं. हे माझ्या भांड्यात करून बघायचं होतं. तेव्हा मशीन दुसऱ्या मालासाठी अडकलं होतं, आमच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले नंतर बघू.

त्या संध्याकाळी जेवताना मी तुझ्यापाशी विषय काढला. तू भाकरी चुरत होतास.

"तू बोल ना तुझ्या साहेबांशी," मी म्हणाले. "तुझं ऐकतील. तोवर नवीन बॅच लावू नका."

"ऑर्डर हाय शुभे. ती निघू दे, मग निवांत कर तुझं."

"तोवर काय झालं तर?"

"मी असतो की तिथं."

मी चिडले. ताट सरकवलं. म्हणाले, "तू असून काय करणार? माझा आकडा ढवळतानाचा हाय. ढवळणं थांबलं की तो आकडा विसरायचा. त्यावर विसंबायचं न्हाई. कळतंय का?"

"कळतंय," तू म्हणालास.

"काय कळतंय, सांग."

"ढवळणं थांबलं की आकडा विसरायचा." शाळेतल्या पोरासारखं म्हणालास आणि खांदे हलवलेस. मला आणखी राग आला. मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू यवतहून कलिंगड घेऊन आलास, कापून माझ्यासमोर ठेवलंस, आणि आपण बिया थुंकत त्यावर बोलायचं टाळलं. ते भांडण तसंच राहिलं. नवरा-बायकोची निम्मी भांडणं अशीच कलिंगडाखाली जातात. मला वाटलं होतं, हे पुन्हा कधीतरी निघेल, आणि तेव्हा मी जिंकेन.

त्या दुपारी लाइट गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आमच्याकडं लगेच जनरेटर लागला. तुझ्या शेडमध्ये पात थांबली आणि रसायन सोडणारा पंप मात्र जनरेटरवर चालूच राहिला. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या आणि मग खिडकीची काच आत आली.

गेटजवळ सगळे गोळा झाले. सुपरवायझर नावं पुकारत होता. एकेक जण 'हजर' म्हणत होता, जसं शाळेत म्हणतात. तुझं नाव आलं. त्यानं पुन्हा पुकारलं. मी मागून 'हजर' म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही. तुझी गैरहजेरी लागू नये असं काहीतरी वाटलं असेल. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं, तू आत होतास.

तुझ्या ॲम्ब्युलन्समध्ये मला बसू दिलं नाही. मागून कंपनीच्या गाडीत आले. यवतला ट्रॅफिक होतं, ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा झाला होता. तुझी गाडी सायरन वाजवत कडेनं निघून गेली आणि आमची अडकली. मी ड्रायव्हरला म्हणाले, मी पळत जाते. तो म्हणाला, "ताई, पुणं हाय ते." पुण्याला पोचले तेव्हा डॉक्टर मला आधी बसा म्हणाले. कुणी आधी बसा म्हणालं, की आता मी उभीच राहते.

मला तुझ्याशी एक शब्द बोलायला मिळाला नाही. भांडायला सुद्धा नाही.

त्यानंतर चौकशीला सरकारी ऑफिसर लोक येऊन गेले. त्यांनी माझा रिपोर्ट मागितला, मी दिला. एक जण वाचून म्हणाला, "यात तर भरपूर वेळ दाखवलाय." मी म्हणाले, "ढवळत असताना." तो म्हणाला, "हो, पण तिथल्या माणसाला एवढं कुठं लक्षात राहणार?" तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. म्हणजे तू तोच आकडा मनात धरून वर गेलास. बायकोनं मोजलंय, म्हणजे वेळ आहे. मी डोळे मिटले की तू मला जिन्यानं चढताना दिसायचास, सावकाश, कठडा धरून, जसा तू कुठलाही जिना चढायचास. आत्या माझ्याजवळ यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि मला वाटायचं, यांना कळलं तर या हात काढून घेतील.

मग रामकेश आला. तुझ्या शिफ्टचा, बिहारकडचा पोरगा. तो नोकरी सोडून गावी निघाला होता, खांद्याला बॅग होती. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरच उकिडवा बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं नुसतं धरून ठेवलं.

"मॅडम, हम दो आदमी ऊपर थे," तो म्हणाला. "सर भाग के आए."

"भाग के?" मी विचारलं. तुला पळताना मी कधीच बघितलं नव्हतं.

"हाँ. पंप बंद किया. फिर बोले, तुम दोनों नीचे जाओ, टंकी में छोड़ने का व्हॉल्व्ह मैं यहाँ से खोलता हूँ. मैंने बोला, सर मैं खोलता हूँ, मुझे मालूम है. तो हँस दिए. बोले, टाइम है, आराम से उतरो, सीढ़ी पे गिरना मत."

"टाइम है, बोले?"

"हाँ मॅडम. इसलिए हम चल के उतरे." मग तो रडायला लागला. "लाइट आ गई मॅडम. मशीन अपने आप घूमने लगा. हम गेट तक पहुँच गए थे."

टाइम है. बघ, मला हवा होता तो पुरावा मिळाला. तुला वेळ आहे असं वाटत होतं. तो गेल्यावर मी मोरीत जाऊन ओकले. दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. आत्यांनी पेज करून आणली, ती तशीच राहिली. तुझ्या मागं जावं असं मला वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला फक्त कुठंच असावंसं वाटत नव्हतं.

पडल्या पडल्या एकच वाक्य मनात फिरत होतं. आणि फिरता फिरता मला दिसलं, की ते वाक्य जुळत नाही. वेळ होता, तर रामकेशला व्हॉल्व्ह का उघडू दिला नाहीस? वेळ होता, तर तू पळत का आलास? तू, जो एसटी सुटत असली तरी पळायचा नाहीस. आणि मला ते जेवण आठवलं, चुरलेली भाकरी, आणि तुझ्याच तोंडचं वाक्य. ढवळणं थांबलं की आकडा विसरायचा.

मी उठले, अंघोळ केली आणि कामावर गेले. सगळे म्हणाले, इतक्यात कशाला आलीस. आमच्या साहेबांना म्हणाले, मशीन पाहिजे. या वेळी ते नंतर बघू म्हणाले नाहीत. स्वतः उठून रिकामं करून दिलं आणि जाड काचेच्या आडोशामागं माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

अगदी थोडं घेतलं होतं. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं चाललं. मग मी पात थांबवली आणि रसायन येऊ दिलं. स्क्रीनवरची उष्णतेची रेघ सपाट झाली. किती शांत दिसत होतं, दत्ता. नवखा माणूस तिथं खुर्ची टाकून चहा प्यायला असता. मग मी पात चालू केली. रेघ चढली म्हणता येणार नाही, ती सरळ उभी राहिली. मशीननं स्वतःहून आपत्कालीन थंडावा सोडला, तरी ती खाली यायला तयार नव्हती. मी आकडा काढला. पात फिरायला लागल्यापासून जिन्याची पहिली पायरी गाठण्याइतकाही वेळ नव्हता. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "शुभांगी, हे आधी करायला पाहिजे होतं." मी तो आकडा वहीत लिहिला. त्यांच्याशी भांडून आता कुणाला परत आणायचं होतं?

आणखी एक हिशेब केला. तू व्हॉल्व्ह उघडला होतास म्हणून निम्म्याच्या वर माल खालच्या टाकीत पाण्यात गेला होता. तो वरच राहिला असता तर शेजारचं ड्रमचं गोडाऊन पेटलं असतं, आणि गेटजवळ हजेरी द्यायला फार थोडे उरले असते. त्यात मी पण असते. हे मी तुला कौतुकानं सांगत नाहीये. मला नको होतं ते. मला तू खाली यायला हवा होतास, पंप बंद करून त्या दोघांच्या पुढं पळत, जिन्यावर पडलास तरी चाललं असतं. लोक तुला पळपुटा म्हणाले असते. मी तुला जन्मभर त्यावरून चिडवलं असतं.

पण एवढं खरं, की तुझ्या हातात माझा चुकीचा आकडा नव्हता. तू माझं ऐकलं होतंस. ताट सरकवून बोललेलं सुद्धा ऐकलं होतंस. 'टाइम है' हे तू त्यांना सांगितलंस, नीट उतरावेत म्हणून. तुला माहीत होतं. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि त्याच गोष्टीसाठी तुझ्यावर इतकी चिडलेय, की फ्लेक्सवरचा तुझा चेहरा मला बघवत नाही.

घरी आले, तर आत्या ओसरीवर बसल्या होत्या. रामकेशचं बोलणं त्यांनीही आतून ऐकलं होतं. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी ओळखलं.

"मोजलं का?"

"व्हय आत्या."

"मंग? येळ व्हता का न्हवता?"

"न्हवता."

"त्याला ठावं व्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. लोक घाटावर किती सहज बोलले. "व्हय," मी म्हणाले. "त्याला ठावं व्हतं."

त्या रस्त्याकडं बघू लागल्या. उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "मंग त्या टायमाला आपली आठवण न्हाई का झाली त्याला?"

"झाली असंल की, आत्या."

"झाली असती तर खाली आला असता."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, आणि मी पहिल्यांदाच, तू गेल्यावर पहिल्यांदाच, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

दत्ता, झाली होती ना रे?